रिंगणाखालचं कापड

मंडळी, आज वर्ध्याला जाऊन कापड घेऊन आलो. अंगावर घालायचं नाही, मातीवर अंथरायचं!

नाचणगावच्या शेतात घोडेस्वारीसाठी रिंगण करतोय. आमची काळी माती पावसाळ्यात रिंगणात वर पसरलेली रेती गिळून टाकते, म्हणून मधे काहीतरी अंथरावंच लागतं. मला वाटलं, शेततळ्याचं प्लास्टिक चालेल. दुकानदार हसायलाच लागला. "काकाजी, तळं करून राह्यले का रिंगण? पाणी खाली जाईनच नाई. घोडा पोहीन तुमचा!"

मग त्यानं पाणी झिरपू देणारी दोन कापडं काढली. एक पातळ, थोडंच टिकणारं; एक जाड, वर्षानुवर्षं टिकणारं. म्हणाला, "किती वर्सं टिकाले पाह्यजे?"

घोडा अजून आलेला नाही. शिकवणारी माझी लेक बंगळूरला, तिथल्या पोरांना घोड्यावर बसवते. "गावात रिंगण असतं तर गेलीच नसती," असं निघताना बोलली होती. तेवढ्यावरच माझा हा सगळा खटाटोप.

तिला व्हिडिओ कॉल लावला, दोन्ही तुकडे दाखवले. "कधी येतं, बाई?" हे अगदी ओठावर आलं होतं. विचारलं मात्र, "जोडावर एक पट्टी दुसरीवर किती चढवू?"

"हातभर."

"अन् टिकाले किती वर्सं पाह्यजे?"

तिनं दोन्ही तुकडे पुन्हा कॅमेऱ्याजवळ धरायला लावले. मग म्हणाली, "जाडवालंच घ्या, पप्पा."

आता गुंडाळी ओसरीत पडली आहे. तिची आई सारखी विचारते, "येतो म्हनली का पोरगी?"

तुम्हीच सांगा, काय सांगू हिला?