हॉलंडला पाठवलेली वाटी

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या प्रतिभाचं घोडं अडलं ते संदर्भसूचीत. झेंडूवर पडणाऱ्या रोगांचा प्रबंध लिहून तयार होता. २००३ च्या मार्चअखेर तो विद्यापीठात दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि कॉलेजातली तात्पुरती नोकरी कायम होण्याची आशाही गेली. पण तिचे मार्गदर्शक सर दर भेटीत म्हणायचे, "हा एवढा एक लेख घ्याच." एक लेख मध्ये घुसला की सूचीतल्या पुढच्या सगळ्या लेखांचे क्रमांक बदलत, आणि ही बिचारी पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसे.

हे काम आपोआप करणारी सॉफ्टवेअरं असतात, हे तिला ठाऊक होतं. पण ती सगळी विंडोजसाठी, आणि हिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स! व्हायरसनं एक अख्खं प्रकरण गिळल्यावर धाकट्या भावानं, अमोलनं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ते बसवलं होतं. तेव्हापासून कॉम्प्युटरची तब्येत ठणठणीत होती, फक्त गावात त्याला सोबती नव्हता. कॉलेज रोडवरचा कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, ते आधी काढून टाका, मग या." सरांनी त्याच दिवशी आणखी एक लेख हातात ठेवला. दुष्काळात तेरावा महिना!

शेवटी यादवच्या सायबर कॅफेत बसून तिनं लिनक्सवाल्यांच्या एका मेलिंग लिस्टवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत गाऱ्हाणं मांडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. हॉलंडमध्ये यान नावाचा कुणी होता. स्वतःच्या प्रबंधापायी असाच वैतागून त्यानं लिनक्सवर चालणारं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. पैसे नकोत, म्हणाला, वापरा. यादवनं ते सीडीवर भरून दिलं. घरी ते चालेना, तेव्हा यान रोज मेल लिहून एकेक अडचण सोडवत गेला. तिच्या विद्यापीठाला हवी तशी मांडणीसुद्धा त्यानं करून दिली. ओळख ना पाळख, कोण करतं हो कुणासाठी एवढं? एका संध्याकाळी सगळी यादी एका फटक्यात क्रमानं लागली, तेव्हा प्रतिभा चक्क रडली.

तिची आई आक्काबाई शेजारीच बाजारासाठी झेंडूचे हार ओवत होती.

"किती घेतलं त्यानं?"

"काही नाही गं. फुकट."

"अन् तू काय धाडलं?"

"आभार मानले की."

"आभार? शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटी रिकामी देतो का आपण? चिमूटभर साखर तरी घालतो. लय वाईट दिसतं बाई हे!" आणि आक्काबाईनं बेदाण्यांची पिशवीच पुढे ठेवली.

प्रतिभाला हसू आलं, पण बोलणं मनातून जाईना. तिनं वाटीची गोष्ट जशीच्या तशी यानला कळवली. तो म्हणाला, बेदाणे राहू द्या, पण भारतातल्या नियतकालिकांची संदर्भसूचीत लागणारी छोटी नावं माझ्या सॉफ्टवेअरला येत नाहीत, ती मिळतील का? मिळतील म्हणजे काय! राहुरी-पुण्याची ग्रंथालयं पालथी घालून तिनं तीच तर गोळा केली होती. प्रबंध मुदतीत दाखल झाला आणि लगेच तिनं ती सगळी टाइप करून पाठवून दिली. वर्षभरात ती नोकरीत कायम झाली. त्या माणसाचं आपण देणं लागतो, असं तिला पुढेही वाटतच राहिलं.

काही वर्षांनी पेठची भाग्यश्री नावाची विद्यार्थिनी तिच्या घरी आली. तिचंही घोडं तिथंच अडलेलं, आणि कॉम्प्युटरवर लिनक्सच. प्रतिभानं यानच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवून दिली. भारतातल्या नियतकालिकांची नावं आपोआप छोटी होऊन बसायला लागली. भाग्यश्री सॉफ्टवेअरमधलं आभाराचं पान वाचता वाचता थांबली.

"मॅडम, या आक्काबाई कोण?"

प्रतिभा वाकून बघते तर काय, इंग्रजीत लिहिलं होतं: 'भारतातली नावं आक्काबाई, नाशिक, यांच्या घरून आली. त्या वाटी रिकामी परत करत नाहीत.'

तिनं ते आईला मराठीत सांगितलं. आक्काबाईचे हार ओवणारे हात थांबले. तिनं पदरानं डोळे पुसले.

"त्याला समजलं म्हणायचं," ती म्हणाली. मग भाग्यश्रीकडे वळली.

"अन् पोरी, तू काय घालणार वाटीत?"