मामांचं भाषण

आमच्या मावब्रेन वस्तीत पाहुणे आले की प्रमुख तोरिस्तदादा छाती फुगवून सांगतात, "आम्हा खासी लोकांत बायकांचं राज्य! घर मुलीचं, आडनाव आईचं. तुम्ही आम्हाला मानवी हक्क काय शिकवता?" पाहुणे खूश होतात. वस्तीच्या दरबारात, म्हणजे आमच्या पंचायतीत, बाईला पाऊल ठेवता येत नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

काँग फिदालिन घरातली धाकटी, म्हणून घर तिचं. काँग म्हणजे ताई. पुढच्या खोलीत ती जादोह विकते, डुकराचं मटण घातलेला भात. दारासमोर सार्वजनिक नळ. तिची खानावळ आणि आळीतल्या बायकांचे हंडे त्यावरच चालतात. नवी गाडी घेतल्यापासून प्रमुखांना तो नळ वर आपल्या फाटकापाशी हवा होता. वस्तीच्या सोयीसाठी!

फिदालिनची बाजू रीतीप्रमाणे मांडणार तिचे मामा, शेमफांग. मामा ठार बहिरे. कुठल्याही ठरावाला मान डोलावतात, म्हणून दरबारात त्यांना फार मान.

सभागृहाचं छप्पर उडालेलं, त्यामुळे दरबार फिदालिनच्याच अंगणात भरला. तिला आत पिटाळलं. आम्ही पुरुष बसलो आणि बसूनच राहिलो. क्वाय येईना. पान-सुपारीचा हा विडा हातात पडल्याशिवाय आमच्यात तोंड उघडत नाहीत.

"काँग, क्वाय कुठाय?" प्रमुख ओरडले.

दाराआडून उत्तर आलं, "विडा घरच्या धन्यानं स्वतःच्या हातानं द्यायचा. धनीण मी. अन् दरबारात बाईनं यायचं नाही. मी बापडी रीत कशी मोडू?"

"मग मामांच्या हाती पाठव!"

"मामा लग्न करून सासरी गेले की हो! इथं ते पाहुणे."

बराच खल झाला. शेवटी तोडगा निघाला: काँगनं विडे द्यावेत, मग मामांच्या पाठीशी उभं राहावं. बोलतील मात्र मामाच.

विडे वाटून ती मामांमागे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गाडी धुवायचीय ना? गाडीला चाकं आहेत, ती खाली येईल. हंड्यांना चाकं नाहीत, ते चढ चढणार नाहीत."

मामांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. नळ जागेवर राहिला.

"वा मामा! काय बोललात!" प्रमुखांनी त्यांची पाठ थोपटली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, "काँग, जिंकलीस ना?"

थुंकलेल्या सुपारीवर पाणी ओतत ती म्हणाली, "नळ जिंकला रे. मी कुठं होते तिथं?"