अंतिम सामन्याच्या दुपारी कुसुमताई

कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट कोपरीच्या मैदानावर झाली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. घरात भिंतीवर चेंडू मारून मी शेजाऱ्यांना हैराण करत असे, म्हणून आई मला तिथे घेऊन गेली होती. ताई नेटच्या खांबाला दोरी बांधत होत्या आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती. आई काही बोलणार, एवढ्यात त्या मागे न वळता म्हणाल्या, "मेधा, चपला तिकडे काढून ठेव. आज अनवाणी खेळायचं."

घरी परतताना मी आईला विचारलं, "तू माझं नाव त्यांना कधी सांगितलंस?" आई म्हणाली, "मला वाटलं, तू त्यांना शाळेत भेटली असशील." कोपरी तेव्हा लहान होती, एकमेकांची पोरं सगळ्यांना ठाऊक असायची. कोणीतरी सांगितलं असेल असं म्हणून आम्ही तो विषय सोडला.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा ही आठवण लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. पण ताईंना खोटं आवडत नाही, आणि अर्धवट सांगितलेलंही आवडत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

ताईंचं काम आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. महानगरपालिकेच्या शाळेतली शारीरिक शिक्षणाची नोकरी सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मुलींना व्हॉलीबॉल शिकवला. मैदानावरचे खडे त्या स्वतः वेचत. नेट फाटलं की मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने घरी बसून शिवत. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत एक गडद रंगाची पँट आणि एक टॉवेल नेहमी घडी करून ठेवलेला असे. ते कशासाठी, हे ज्या मुलीला कळायचं तिला कळायचं. ताईंनी त्याबद्दल कधी एक शब्द उच्चारला नाही.

प्राचीची गोष्ट यातलीच. तिचे वडील रिक्षा चालवतात. मुलगी बारा वर्षांची झाली आणि त्यांनी तिचा खेळ बंद केला. ताई त्यांच्या घरी गेल्या, दारात बसल्या आणि प्राचीच्या आईबरोबर मेथी निवडू लागल्या. तीन संध्याकाळी त्या गेल्या. व्हॉलीबॉलचं नावही काढलं नाही. चौथ्या दिवशी वडीलच प्राचीला मैदानावर सोडून गेले. हीच प्राची पुढे राष्ट्रीय संघाची लिबेरो झाली. लिबेरो म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या रांगेत खेळणारी, पडणारा प्रत्येक चेंडू वाचवणारी खेळाडू.

ताईंवर माझा एक राग होता, तोही सांगते. मी सतरा वर्षांची असताना राज्य संघाच्या निवड चाचणीच्या सकाळी ताईंनी मला बाहेर बसवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आज तू खेळू नकोस." माझ्या जागी रेखा खेळली. तिसऱ्याच चेंडूवर ती लोखंडी खांबावर आदळली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. रेखाचा खेळ तिथे संपला. माझाही जवळजवळ संपला, कारण पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते. मी शिक्षिका झाले, लग्न करून डोंबिवलीला गेले. ताईंकडे जाणं-येणं सुरू राहिलं, पण ती सकाळ माझ्या मनातून गेली नाही.

गेल्या वर्षी आपल्या मुलींचा राष्ट्रीय संघ अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचला. सामना रविवारी दुपारी होता. कोपरीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात प्रोजेक्टर लावला होता. जुन्या खेळाडू आपापल्या मुलांना घेऊन आल्या होत्या, रिक्षा स्टँडवरची मंडळी होती, पहिल्या रांगेत प्राचीचे आईवडील होते. ताई नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

आमचं प्रक्षेपण इंटरनेटवरून येत होतं आणि ते अर्धं मिनिट मागे होतं. समोरच्या इमारतीत डिश होती. तिथले लोक ओरडायचे आणि मग अर्ध्या मिनिटाने आम्हांला तो गुण दिसायचा. पहिल्या सेटमध्ये सगळे त्यावर हसत होते. कोणीतरी खिडक्या लावल्या, पण उकाड्याने जीव जायला लागला तशा पुन्हा उघडल्या.

दुसऱ्या सेटमध्ये माझ्या लक्षात आलं की ताई पुटपुटताहेत. "बाहेर." समोरच्या इमारतीतून निराशेचा आवाज आला, मग पडद्यावर आपला चेंडू रेषेबाहेर पडला. मला वाटलं, त्या आवाजावरून अंदाज बांधतात. म्हणून मी क्रम लक्षपूर्वक ऐकला. आधी ताई बोलायच्या, नंतर समोरची इमारत, शेवटी आमचा पडदा. दर वेळी असंच. मोबाइलवरचा गुणफलकसुद्धा ताईंच्या मागून चालला होता.

पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून पाहू लागल्या. मग त्यांच्या शेजारची. चौथ्या सेटपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. लोक ताईंचा शब्द ऐकत, मग समोरचा आवाज ऐकत, आणि मग पडद्याकडे नुसतं खात्री करायला पाहत. चांगल्या गुणांनाही कोणी उठत नव्हतं.

प्रोजेक्टर चालवणारे पाटीलकाका मागे आले. हसत म्हणाले, "ताई, कानातलं यंत्र मोबाइलला जोडलंय की काय? कॉमेंट्री येतेय वाटतं लवकर."

ताईंनी कानातलं श्रवणयंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "मोबाइल घरी आहे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "नेट." समोरची इमारत हळहळली, मग पडद्यावर आपला चेंडू नेटमध्ये अडकला. पाटीलकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते यंत्र त्यांनी काही क्षण तसंच उघड्या हातावर धरून ठेवलं आणि मग दोन बोटांनी उचलून ताईंच्या मांडीवर ठेवलं.

पाचवा सेट सुरू झाला आणि ताई बोलायच्या थांबल्या. आता लोकांना ते सहन होईना. सगळं सभागृह मागे वळून बसलं होतं. प्राचीची आई उठून आमच्यापर्यंत आली आणि ताईंसमोर उकिडवी बसली. "ताई, जिंकतात ना हो पोरी? एवढं सांगा." ताईंनी तिचा हात हातात घेतला, जरा दाबला, आणि उठून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले.

त्या पायरीवर बसल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर एक माणूस दिसत नव्हता.

"ताई, तुम्हांला हे आधी दिसतं?" मी विचारलं.

"दिसत नाही गं. आठवतं." त्या पदराने चष्मा पुसत होत्या. "हा सामना मी पाहिलाय. कधी, ते मला विचारू नकोस, मलाच कळत नाही. आपण जिंकतो."

"मग आत चला ना."

"शेवटच्या चेंडूवर प्राची पडते. गुडघा जातो तिचा. तिच्या आईशेजारी बसून मला ते बघायचं नाही."

"कोणाला तरी फोन करू या," मी म्हणाले. " तिथे संघाबरोबर कोणीतरी असेल."

"तुला सांगितलं होतं ना मी," ताई म्हणाल्या. "निवड चाचणीच्या सकाळी. मला तू त्या खांबावर पडलेली आठवत होतीस. तुला बसवलं, तर रेखा पडली. तोच खांब, तोच उजवा खांदा. तेव्हापासून मी कोणाला काही सांगत नाही."

मी माझा उजवा खांदा धरून उभी होते, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीत एकच गलका झाला. गॅलरीत माणसं नाचू लागली, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी आत धावले.

पडद्यावर अजून चौदा-बारा होते. प्राची उभी होती. पँटला हात पुसत ती शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसत होती. तिचे दोन्ही गुडघे मला दिसत होते. सभागृहात सगळ्यांना कळलं होतं की आपण जिंकलो, फटाके ऐकू येत होते, पण कोणी उठलं नाही. प्राचीच्या वडिलांनी तो क्षण टिपायला मोबाइल वर धरला होता. आई मात्र पडद्याकडे पाहत नव्हती. ती मागे वळून माझ्याकडे पाहत होती, आणि मला माझा चेहरा लपवता आला नाही.

सर्व्हिस झाली. चेंडू तीनदा इकडून तिकडे गेला. मग समोरच्या संघाचा स्मॅश आपल्या एका मुलीच्या हाताला लागून थेट जाहिरातींच्या फळ्यांकडे उडाला. प्राची धावली आणि तिने स्वतःला झोकून दिलं. तिच्या मुठीला लागून चेंडू परत आला, दुसरीने तो नेटपलीकडे ढकलला, आणि समोरच्या रिकाम्या कोपऱ्यात तो पडला. आपल्या मुली मध्यभागी धावल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वेगळ्या रंगाचा एक शर्ट तेवढा फळ्यांजवळ जमिनीवर राहिला.

आमच्या सभागृहात छताच्या पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. समोर फटाके वाजतच होते. देश जिंकल्यावर इतकी माणसं इतकी गप्प बसलेली मी कधी पाहिली नाहीत. कोणी पडद्याकडे पाहत नव्हतं. सगळे दाराकडे पाहत होते, आणि दारात ताई उभ्या होत्या.

पडद्यावर प्राचीने पडल्या पडल्या एक हात वर केला. मुली तिच्याकडे धावल्या. तेव्हा तिचे वडील उठले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले, अगदी सावकाश. मग एकेक जण उठला. बऱ्याच जणी रडत होत्या. बाहेर पडताना लोक ताईंच्या बाजूने जात होते, पण अंतर ठेवून. पाटीलकाका तेवढे थांबले आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

त्याच आठवड्यात मी कल्याणला रेखाकडे गेले. इतक्या वर्षांत मला तिच्याकडे जायचं धाडस झालं नव्हतं. मी सांगू लागले तर तिने मला थांबवलं. "मला माहितीये गं सगळं. ताईंनी मला त्याच वर्षी सांगितलेलं. दर दिवाळीला येतात. माझ्या खांद्याला तेल लावून देतात. मी पन्नाशीची बाई, पण ऐकतात कुठे?" ताई हे बत्तीस-तेहतीस वर्षं करत होत्या आणि माझ्यापाशी त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. माझा राग त्या दिवशी रेखाच्या स्वयंपाकघरात संपला.

प्राचीचं ऑपरेशन झालं. ती कुबड्यांवर कोपरीला आली तेव्हा लोकांनी ढोल आणले होते. मैदानाजवळ आल्यावर तिने ते थांबवायला सांगितले आणि ती ताईंच्या शेजारी बाकावर येऊन बसली. मी तिथेच होते.

"ताई, तुम्हाला आधी कळलेलं ना? आई बोलली मला."

"हो," ताई म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही.

"मग?"

"सांगितलं असतं तर तू तो चेंडू सोडला असतास?"

प्राचीने बराच विचार केला. "नाही."

"तू नसतीस तर दुसरी कोणी पडली असती. कोण, ते मला आठवलं नसतं."

प्राची पायाच्या पट्ट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या जागी दुसरी पडलेली मला नसतं चाललं." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मी परत खेळते का, ताई? फक्त तेवढं सांगा."

ताई तिच्याकडे पाहत राहिल्या. "सोमवारपासून गुडघ्याचे व्यायाम. सकाळी सहाला ये. मीही येते."

"म्हणजे आठवतं, की नाही आठवत?"

"सहाला ये."

तेव्हापासून एक सकाळ चुकलेली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ताई पुन्हा रोज मैदानावर येऊ लागल्या. प्राची पाय उचलते, ताई शेजारी बसून आकडे मोजतात, आणि दुखायला लागलं की आकडे जरा भरभर मोजतात. गेल्या महिन्यापासून प्राची धावू लागली आहे. ती पुन्हा संघात जाईल की नाही, हे आम्ही कोणी ताईंना विचारत नाही. विचारायचं नाही, असं आम्हा सगळ्यांचं न बोलता ठरलं आहे.

या गौरव समारंभाची बैठक नौपाड्यात झाली, तेव्हा ताईही आल्या होत्या. चहा झाल्यावर पाटीलकाका सहज म्हणाले, "ताई, पंचाहत्तरी तर झाली, आता शंभरीही आम्हीच करणार."

ताईंनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "करा," त्या म्हणाल्या, "पण मांडव वरून नीट झाकून घ्या. भिजलो होतो सगळे."

पाटीलकाकांनी वहीत खरोखरच तशी नोंद केली.

त्या 'सगळ्यां'मध्ये मी होते का, हे मी विचारलं नाही. तोपर्यंत ताईंची प्रकृती आजच्यासारखीच ठणठणीत राहो, त्यांच्या मैदानावर मुली पडत राहोत आणि उठत राहोत, आणि त्या पावसात ताईंच्या डोक्यावर छत्री धरायचं भाग्य माझ्या वाट्याला येवो, एवढंच मागते.