सुरईतली जपानी

आमच्या वन्संना बघायला चाकणहून माणसं यायची होती. चैत्रातला रविवार, दुपारची एस.टी. आधीची दोन स्थळं काही न कळवताच गळली होती, त्यामुळे वन्संनी सकाळपासून तीनदा साडी बदलली होती. मी पोहे निवडत बसलेले, आणि घरातले दोन शहाणे, म्हणजे आमचे हे आणि माझा दीर, नेमक्या त्याच मुहूर्तावर जपानी व्हिस्की चाखायला बसले.

तेव्हा दारूबंदी होती, बरं का. बाटली सापडली असती तर नोकरी गेली असती, पिंपरीतली कारखान्याची खोली गेली असती, आणि वन्संचं लग्न तर विचारूच नका. पण यंत्रं बसवायला आलेला जपानी साहेब परत जाताना ह्यांच्या हातात बाटली ठेवून गेला, वर शिकवणीही देऊन गेला.

"तीन-चार जातींची मिसळून करतात," हे मला सांगायला लागले, जसा काही मी गोडा मसालाच विचारला होता. "आधी नुसती घ्यायची, मग पाण्यातून, मग गरम पाण्यातून, मग बर्फावर. दर खेपेला चव बदलते म्हणे."

"अहो, मग उद्या बदलू दे की."

"उद्या कारखाना आहे."

दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच सांगा. आमटीत मीठ कमी आहे ते तुम्हाला नुसत्या वासावर कळतं."

कटकट मिटावी म्हणून मी जीभ लावली. नुसती घेतली तर घसा पेटला, आणि मागून विझलेल्या लाकडाचा वास आला. पाण्यातून मऊ लागली, गुळाच्या ढेपेच्या जवळ जाणारी. चहासाठी तापवलेलं माझं आधण पळवून गरम केली, ती थेट ओव्याचा काढा. चव बदलत होती, खोटं कशाला बोलू. पण माझं आधण गेलं होतं.

राहिला बर्फ. तो दिरानं सायकलवरून कँपातल्या सोडावाल्याकडून भुशात गुंडाळून आणला. चैत्रातलं ऊन ते. घरी पोचलं ओलं पोतं आणि भुसा.

तेव्हा ह्यांना सुचलं. पाहुण्यांसाठी मी नवी कोरी सुरई आणली होती, अजून पाणीसुद्धा दाखवलं नव्हतं तिला. माती गार करते ना, म्हणून ह्यांनी उरलेली सगळी तिच्यात ओतली आणि ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवली. थोड्या वेळानं उपडी केली तर निम्मीच निघाली.

"गळली का काय?"

"गळली नाही, प्याली," मी म्हटलं. "आणि तुमच्यासारखी बडबड न करता प्याली."

निघाली तिलाही भाजक्या मातीची चव. ती सुरई मागच्या दारी टाका म्हणून मी बजावलं आणि पोहे फोडणीला घातले. ह्यांनी काय केलं, तर विसळली, पाणी भरलं आणि होती तिथं परत ठेवून दिली. म्हणे, धुतली की झालं.

ते मला कळलं कधी? मुलाचे वडील येऊन टेकले, रिवाजाप्रमाणे वन्संनी त्यांना पाणी नेऊन दिलं, आणि ते अर्ध्या पेल्यावर थांबले तेव्हा. त्यांनी पेला नाकाशी नेला. आमचे दोघे शहाणे तोंडात लवंगा कोंबून भिंतीकडे बघत बसलेले.

"वाळा घातलाय व्हय ह्यात?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

"ब्येस हाय. आणा आणखी."

लग्न वैशाखात झालं. तेव्हापासून दर उन्हाळ्याला चाकणहून निरोप: इकडं तसला वाळा मिळत न्हाई, तेवढा धाडा. मी पुण्याच्या मंडईतून निवडून निवडून वाळा आणायचे, आणि व्याह्यांचं ठरलेलं, त्या दिवसाची गोडी न्हाई ह्याला.

आणि मी पुडी बांधायला घेतली की हे मागून येऊन विचारणार, "नुसता देतेस का पाण्यातून?"