आधी चहा, मग मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मामांना नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या रियाजभाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. आणखी एक आधीच सांगून टाकते — हे आठवलं की मला हसू येतं. स्वतःचा अपराध आठवून हसू यावं का? येऊ नये. पण येतं.

शिरूरला माझ्या मामांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी वडगाव रासाईहून शिकायला म्हणून त्यांच्याकडे आले आणि कॉलेज संपता संपता तिथेच शिकवायला लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मामांनी एक कॉम्प्युटर आणला. एकच! त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, दाराबाहेर चपला काढायच्या, मामींनी शिवलेला झालरीचा अभ्रा, आणि दसऱ्याला कॅबिनेटच्या, म्हणजे त्याच्या उभ्या खोक्याच्या, कपाळी लावलेलं कुंकू. रांजणगावच्या कंपन्यांत चिकटू पाहणारी मुलं त्याच्यासमोर अगदी सोवळ्यात असल्यासारखी बसायची. कॅबिनेटच्या तोंडावर लाल आकडे पेटायचे — १००. तो म्हणे प्रोसेसरचा वेग. मोटारसायकलचा काटा बघावा तसा जो तो आधी तो आकडा बघायचा.

रियाजभाई दौंडचे. स्टेशनजवळ त्यांच्या थोरल्या भावाचं दुकान होतं, तिथे ते कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायचे. सासुरवाडी शिरूरची. पण हा जावई सासऱ्याच्या घरात कमी आणि आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत जास्त असायचा, कारण या विषयावर बोलायला दुसरं होतंच कोण?

एकदा आले ते तोंड उजळूनच आले. "मॅडम, शंभरचा एकशेवीस केला!"

म्हणजे काय, तर मदरबोर्डवरच्या बारीक पिनांवर प्लास्टिकची इवलीशी टोपी असते — जंपर. ती काढून शेजारच्या पिनांवर बसवली की तोच प्रोसेसर जास्त वेगाने पळतो. फुकटात. पण तापतो. मग त्याला मोठा पंखा द्यायचा, मध्ये पांढरी पेस्ट लावायची, बोर्डाला वारा लागेल असं बघायचं, नाहीतर मशीन मध्येच थिजतं. हे सगळं त्यांनी एकट्याने, पुस्तकं चाळून, हात भाजून घेत केलं होतं. सांगताना खुर्चीत बसवत नव्हतं त्यांना.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी जळले. अक्षरशः जळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीला कडी घालून मी आमचं कॅबिनेट उघडलं. मीही करणार होते — एकशेवीस कशाला, थेट एकशेतेहतीस! जंपर चिमटीत धरलाही. मामांचा सगळा जीव त्या खोक्यात. जळलं तर? सोडून दिला. आणि मग पुढच्या झाकणामागे मला दुसरी एक चिमुकली पट्टी दिसली. लाल आकड्यांची. तिला स्वतःचे वेगळे जंपर होते. आणि तिचा प्रोसेसरशी काडीचा संबंध नव्हता — ज्याने मशीन जुळवलं त्याने १०० लावून दिलं होतं, बस्स. तुम्ही लावाल ते ती दाखवणार. मी गंमत म्हणून एक जंपर हलवला, तर काहीतरी उलटंपालटं अक्षर उमटलं. आणखी हलवला. मग आणखी. आणि लख्ख लाल — १३३.

मी एकटीच खो खो हसले. खरं सांगते, तेव्हा ती गंमतच होती. संध्याकाळी मामांना दाखवून हसायचं, असंच मनात होतं. पण मामा आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आगं, हे शंभर व्हतं की! एकशेतेहतीस कवा झालं?"

आणि मी म्हटलं, "वाढवला मी."

झालं. एवढंच. दोन शब्द.

कुणी म्हणेल, मुलगी म्हणून कमी लेखत असतील, म्हणून तोंडातून गेलं असेल. नाही हो. मामांनी मला कधी कमी लेखलं नाही. मला मिरवायचं होतं. आणि मिरवायला काय झकास मिळालं! मामांनी अख्ख्या बाजारपेठेत सांगितलं. लोक मशीन बघायला आले, चपला काढून. शिफ्ट संपवून येणारा एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम, आता बटण दाबायच्या आधी अक्षर येतंय!" सगळ्यांना ते पळतंय असं वाटत होतं. दोन दिवसांनी मलाही वाटायला लागलं.

मग रियाजभाई आले. त्यांच्या कॅबिनेटला आकडे नव्हतेच, नुसता हिरवा दिवा होता, त्यामुळे त्या पट्टीची भानगड त्यांना माहीत नव्हती. पण धोका दुसरीकडे होता. मशीन सुरू होताना पडद्यावर खरा वेग लिहून येतो. बाकीचे कुणी तो वाचत नसत. रियाजभाई वाचणार. म्हणून मी मशीन आधीच सुरू करून ठेवलं होतं. ते त्या लाल आकड्याकडे बघत नुसते उभे राहिले. असूया नाही, काही नाही. चेहराभर कौतुक.

आणि लाईट गेली!

थोड्या वेळाने आली. त्यांचा हात बटणाकडे गेला तशी मी ओरडले, "थांबा! लगेच नाही लावायचं."

"का वो?"

का? काय सांगू? तोंडाला आलं ते सांगितलं. "लाईट आली की बोर्डाला दम खाऊ द्यायचा. आधी चहा, मग मशीन. म्हणून तर माझा बोर्ड थंड राहतो."

"व्हय की," ते कपाळावर हात मारून म्हणाले. "आमी लई घाई करतो." मामा त्यांना कोपऱ्यावर चहाला घेऊन गेले आणि मी धावत जाऊन मशीन लावलं. परत आले तेव्हा आकडा पेटलेला, पडदा तयार. सुटले. त्या रात्री मी पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

आता रियाजभाईंनाही एकशेतेहतीसच हवा होता. पण त्यांचं मशीन १३३वर थिजायचं. "तुमचं चालतंय, माझं का न्हाई?" त्यांनी मला विचारलं. मी कसल्याशा मासिकात एक शब्द वाचला होता. म्हटलं, "थोडं व्होल्टेज वाढवून बघा." मला व्होल्टेजमधलं काय कळत होतं? शून्य. पण गुरू झाले होते ना मी! गुरूला माहीत नाही असं कसं म्हणणार?

त्यांनी वाढवलं. बोर्ड जळला. ऐन लग्नसराईत. ऑर्डर घेतलेल्या पत्रिका करून आणायला त्यांना पुण्याच्या खेपा घालाव्या लागल्या, गिऱ्हाइकांसमोर थोरल्या भावाची बोलणी खावी लागली. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा खोलीत आलेच नाहीत. बाहेर टायपिंगच्या बाकावर बसले आणि आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "तुमचं काय न्हाई चुकलं मॅडम. माझ्याच हाताला यश न्हाई."

एक वाक्य पुरलं असतं. रियाजभाई, माझं मशीन शंभरच आहे. त्या माणसाचा हात चांगला होता, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं — आणि मी काय म्हटलं? "होतं असं कधीकधी." वर मामींना चहा टाकायला सांगितला.

मला वाटलं, आता ते सोडून देतील. मनातून मी वाटच बघत होते त्याची. पण सोडतील तर ते रियाजभाई कसले! पावसाळा सरला आणि एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन दारात. "चला दौंडला. आत्ताच्या आत्ता. मामा, तुमी पण चला." एसटीत सगळ्या वाटेने ते बोलत होते. जळलेल्या बोर्डाच्या जागी दुसरा घातला होता. मांडववाल्याकडून मोडका अँप्लिफायर आणला होता. त्यातली उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून, घासून प्रोसेसरवर बसवली. पंखा सुतळीने टांगला, म्हणजे थरथर बोर्डाला लागत नाही. "आन् खरी मेख कुठं व्हती सांगू? नुसता प्रोसेसर थंड करून भागत न्हाई. त्याच्याशेजारी वीज देणारे काळे पार्ट असत्यात ना, त्येच तापत व्हते. वारा त्यांच्यावरनं गेला पायजे."

दुकानात त्यांनी माझ्यासमोर मशीन सुरू केलं. पडद्यावर आकडा आला. १३३. लाल पट्टीवरचा नाही, मशीनने स्वतः मोजलेला.

आयुष्यात पहिल्यांदा मी खरा एकशेतेहतीस बघत होते. आणि काय सांगू — मी उडी मारली! टाळ्या वाजवल्या! मामा माझ्याकडे बघत राहिले, थोरले भाऊ हसले, शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. दुपारभर मशीन एकदाही थिजलं नाही. मला त्या माणसाचा इतका, इतका आनंद झाला होता. त्या आनंदात सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात रियाजभाई पेढा पुढे करत सगळ्यांना म्हणाले, "ह्यो मॅडमचा आकडा हाय. त्यांचं चालताना बघितलं व्हतं, म्हणून म्या सोडलं न्हाई."

मी पेढा खाल्ला.

आता त्यांचं मोठं दुकान आहे दौंडला — नेट कॅफे आणि दुरुस्ती. परवा बारावीच्या निकालाच्या दिवशी मी तिथे होते. निकाल नेटवर लागणार म्हणून तोबा गर्दी, आणि नेमकं तेव्हाच लोडशेडिंग. लाईट आली, तरी एकही मशीन सुरू झालं नाही. पोरं बाकांवर बसलेली. समोरून चहाची किटली आली. कासुर्डीची एक मुलगी, निकालाच्या धास्तीने रडकुंडीला आलेली, म्हणाली, "काका, लावा ना लवकर."

"बोर्डाला दम खाऊ दे बाळा. आधी चहा, मग मशीन. ह्या मॅडमचा नियम हाय, ह्यांनीच शिकवलाय मला."

एवढी वर्षं जुनी कॅबिनेटं उघडणाऱ्या माणसाला ती आकड्यांची पट्टी कधी दिसली नसेल? दिसली असेल. नसेलही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तिथे मला काही वाचता आलं नाही. आणि त्यांना कळलं असलं तरी मी सांगितलेलं नाही, ते नाहीच.

मुलगी माझ्याकडे वळली. "खरंच का हो?"

मी हो म्हटलं.

ती परत बाकावर बसली. रियाजभाई बटणावर बोट ठेवून माझ्या कपाकडे बघत थांबले होते. चहा गरम होता. मी तो सगळा संपवला, कप खाली ठेवला, तेव्हा त्यांनी बटण दाबलं.