बोलकं प्रेत आणि चुन्याचा खडा

झोतकाका नाट्यगृहाच्या माथ्यावरच्या खोलीत बसून नटांवर गोल उजेड टाकायचे. नट डावीकडे सरकला की झोत डावीकडे, आणि काकांची मानही डावीकडे. घरी काकू भाजी आणायला निघाल्या तरी ती मान त्यांना दारापर्यंत पोचवून यायची.

एका शब्दाचं काकांना भारी वेड. भेटेल त्याला धरायचे. "लाइमलाइट म्हणजे काय, माहितेय? वीज नव्हती ना, तेव्हा ज्वाळेत चुन्याचा खडा तापवायचे. असा पांढराफेक उजेड पडायचा! खड्याला खळगा पडू नये म्हणून एक माणूस अंधारात बसून तो फिरवत राहायचा. टाळ्या नटाला, चटके त्याला!"

"म्हणजे चुना लावायचा धंदा जुनाच तुमचा," काकू म्हणायच्या.

आज मात्र काकू हट्टाला पेटल्या होत्या. नायिकेच्या आईचं काम करणारी बाई आजारी पडली आणि ते काम काकूंना मिळालं. काम म्हणजे काय, तर चादरीवर मरून पडायचं.

"जन्मभर परक्या बायांवर उजेड पाडलात. आज माझ्यावर नाही पडला, तर उद्यापासून चूल तुमची!"

इकडे मॅनेजर नाकातून म्हणाला, "म्हंजे कसंय काका, झोत आपल्या नायिका बाईसाहेबांवरनं इंचभर हलला ना, की तुम्ही घरी."

प्रयोगात आईच्या मरणाचा प्रवेश आला आणि नायिकेनं हंबरडा फोडला. "आईऽऽ! एकदा तरी बोल गं!"

काकांनी दातओठ खात झोत तिच्यावर धरून ठेवला. तेवढ्यात कडेच्या अंधारात त्यांना काकूंच्या पायाचा अंगठा दिसला. वाट बघून बघून हलत होता बिचारा. काकांना राहवेना. झोत सुटला तो थेट प्रेताच्या तोंडावर.

प्रेतानं कपाळावर आडवा हात धरला. "अहो, जरा कमी करा की! डोळ्यांत जातंय!"

"बोलली! बोलली!" मागच्या रांगांतून आरोळ्या उठल्या. नायिका पाय आपटत आत पळाली. "अगं, रुसतेस काय अशी?" म्हणत प्रेत चादरीसकट तिच्यामागे धावलं. आणि चालत्या माणसामागे झोत न्यायची सवय ती! काकांची मानही धावली.

पडदा दाणकन पडला. मॅनेजर धापा टाकत वर आला.

"काका! झोत बंद करा! उद्यापासून येऊ नका!"

"बरं," काका म्हणाले. "पण बंद कसा करू? आमची ही पडद्याबाहेर येऊन टाळ्या घेतेय अजून."