ज्येष्ठमधाचा काढा

"तिचा आवाज आला नाही ना? मग सोड. आपल्या कामाचं नसणार."

कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर, चपला काढायच्या रॅकपाशी आफरीन हे कुणाला तरी सांगत होती. रॅकच्या या बाजूला मी होते – एक सँडल पायात, एक हातात. 'ती' म्हणजे मी. आणि माझा आवाज का आला नव्हता, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, ऑफिसात नाही, ज्या एका मैत्रिणीला मी बहुतेक सगळं सांगते तिलाही नाही. एकदा मोठ्याने बोलले, अगदी थोडक्यात, त्याच्याकडे येईनच. पण सगळं, नीट, पहिल्यापासून? तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. आणि सांगतानाही मी आधी दुसरंच काहीतरी सांगायला लागणार आहे. तशी सवयच आहे मला.

तर आधी आवाजाबद्दल.

आम्ही विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. विभागातल्या एका सरांकडे सारख्या मेल यायच्या – स्पर्धा, इंटर्नशिप, शिष्यवृत्त्या, कार्यशाळा. सरांना त्या वाचायला वेळ नसे. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "तुझं इंग्लिश चांगलं आहे. शिवाय तू कुणाशी बोलत नाहीस, म्हणजे वेळही असेल." आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. त्यातलं आमच्या कामाचं निवडायचं आणि दर शनिवारी वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं.

मी कोथरूडची, शाळा कॉन्व्हेंट. वर्गातल्या निम्म्या मुली मराठी माध्यमातून आलेल्या. त्या हुशार होत्या, पण त्या मेलमधलं इंग्रजी – ते मलाही दोनदा वाचावं लागायचं. पहिल्या महिन्यात कुणीच कशालाच अर्ज केला नाही. मग आफरीन मला म्हणाली, "तू हे नुसतं बोलून का नाही पाठवत? मराठीत. आपण बोलतो तसं."

आपण बोलतो तसं! मी बोलतच नव्हते. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नसे. पण फोनसमोर, एकटीने, बाल्कनीत उभं राहून – ते जमलं. इंग्रजी नोटीस टाकायची आणि तिच्याखाली माझी व्हॉइस नोट. हे कशाबद्दल आहे, कुणासाठी आहे, शेवटची तारीख काय, घाबरायचं का नाही. तारखांना मी अडखळायचे. मला आजही एकोणसाठ आणि एकोणसत्तर पटकन कळत नाहीत. आफरीन लगेच खाली लिहायची, "मॅडमना एकोणतीस म्हणायचंय." सगळ्या हसायच्या. मीही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हवी होते.

मग मीच एक नियम केला. मीच. म्हटलं, प्रत्येक नोटीस वाचत बसू नका, जी आपल्या कामाची नसेल तिला मी व्हॉइस नोट करणार नाही. आवाज नसेल, तर पुढे जा. सगळ्यांना ते फारच सोयीचं वाटलं.

आफरीनबद्दल सांगायला हवं. ती बिबवेवाडीची. वडिलांचं सोफ्यांना कव्हरं शिवायचं दुकान, घर त्याच्याच वर. पुण्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या झालेल्या, तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. आणि ती बोलायची! रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, कुणालाच कळत नव्हतं तेव्हा सरांनी तिला उठवलं. ती म्हणाली, "सर, स्वारगेटला बसच्या रांगेत आपला नंबर कितवा ते दिसत नाही. मग पुढच्याला विचारायचं, तुझा कितवा? तो त्याच्या पुढच्याला विचारणार. सगळ्यात पुढचा म्हणणार, माझा पहिला. मग उत्तर मागे मागे येत जाणार." सर म्हणाले, "हे पुस्तकात असतं तर माझी नोकरी गेली असती." वर्ग हसला. मी हसले नाही. मला आठवतंय, कारण मी वहीत ते उदाहरण उतरवून घेत होते.

तिला पुढे शिकायचं होतं – एम.टेक., मग संशोधन. वडील विरोधात नव्हते, पण घाबरत होते. त्यांचं म्हणणं होतं, "एकदा घराबाहेर राहून दाखव, कुणीतरी मानाने बोलावू दे, मग पुढचं बघू." हे तिनेच मला सांगितलं होतं, कॅन्टीनमध्ये, माझ्या वड्यातला अर्धा वडा न विचारता उचलत. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

आणि मग ती मेल आली.

बंगळूरच्या एका संस्थेत उन्हाळ्यात संशोधनाचं काम, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. राहायला मुलींचं वसतिगृह, जेवण, प्रवास, सगळं त्यांच्याकडे. प्रत्येक विभागातून एक नाव. इच्छुकांनी सरांसमोर दहा मिनिटं एखादी संकल्पना समजावून सांगायची, त्यावरून सर निवडणार. नोटीस पहिल्या ओळीपासून इतकी जड होती, की वाचणाऱ्याला वाटावं, ही पीएच.डी. झालेल्यांसाठी आहे. खरी माहिती खाली, दुसऱ्या पानावर.

मी ती वाचली आणि पहिला विचार काय आला सांगू? आफरीन. आफरीन दहा मिनिटं बोलेल आणि संपलं. दुसरा विचार – मला हवंय हे. मला इतकं काही कधी हवंसं वाटलं नव्हतं. घरात मी काही मागतच नसे. बाबा म्हणायचे, "आमच्या अनुजाचं बरं आहे, वस्तू दाखवली तरच हवीशी वाटते." आता दिसली होती.

शनिवारी दुपारी मी नोटीस ग्रुपवर टाकली. मग बाल्कनीत गेले आणि व्हॉइस नोट रेकॉर्ड केली. हो – केली. चांगली झाली होती. "मैत्रिणींनो, पहिलं पान बघून घाबरू नका, हे आपल्यासाठीच आहे," अशी सुरुवात होती. तारीखसुद्धा बरोबर म्हटली. पाठवायच्या आधी मी नेहमी एकदा ऐकायचे. ऐकली. आणि अंगठा डावीकडे, कचरापेटीच्या चिन्हावर सरकवला.

एवढंच. पुसायला किती वेळ लागतो?

मी स्वतःला म्हटलं, नोटीस तर टाकलीय. लपवलं कुठे? ज्याला वाचायचं तो वाचेल. हे खरंही होतं. वर्गातल्या दोन मुलांनी वाचली आणि नावं दिली. पण ज्यांना मी शिकवलं होतं, की आवाज नसेल तर पुढे जा, त्या पुढे गेल्या. माझ्याच सांगण्यावरून.

आता परत त्या रॅकपाशी. सोमवार होता आणि मुदत अजून संपली नव्हती. आफरीनने ते वाक्य म्हटलं, वळली आणि मी दिसले. ती अजिबात चपापली नाही. चपापण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं.

"काय गं, शनिवारी आवाज नाही आला? विसरलीस का?"

माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. ती म्हणाली, "घसा बसलाय?" मी मान डोलावली. "अरेरे. मग त्या मेसेजमध्ये काही होतं का आपल्यासाठी?"

मी मान हलवली. नाही.

बघा, त्या दिवशी मी तोंडातून एक शब्द खोटा काढला नाही. कितीतरी वर्षं मी हे स्वतःला असंच सांगत आले. जणू मानेने बोललेलं खोटं कमी वजनाचं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्टीलचा छोटा थर्मास आणला. अम्मीने काढा दिला होता – ज्येष्ठमध, आलं, दालचिनी, वरून मध. "तुझ्या आवाजावर आमचा अख्खा वर्ग चालतो म्हटलं तिला, तर म्हणाली, मग रोज ने." आणि रोज आणला. मी जिन्यात बसून तो प्यायचे आणि ती समोर उभी राहून बघायची, मी पूर्ण संपवतेय का. बोलताना मी कुजबुजायचे. सगळ्या माझ्याशी कुजबुजतच बोलायला लागल्या – घसा माझा बसलेला, पण आवाज त्यांनी खाली केलेले. मला हसू यायचं, आणि मी ते काढ्याच्या घोटाबरोबर गिळायचे.

मधल्याच एका दुपारी सरांच्या केबिनमध्ये माझी दहा मिनिटं होती. आत मी स्पष्ट बोलले. आश्चर्य वाटेल इतकी स्पष्ट. कशावर बोलले, विचारू नका – नाही, विचारा. रिकर्शनवर. स्वारगेटची रांग. सरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी बाहेर आले. जिन्यात आफरीन थर्मास घेऊन उभी. "सरांनी कशाला बोलावलेलं?" तिने विचारलं. मी पुन्हा कुजबुजत म्हटलं, "मेलचं काम." आणि काढा प्यायले. अजून गरम होता.

सरांनी माझं नाव पाठवलं.

तुम्हाला वाटत असेल, आफरीन चिडली असेल. मीही त्याचीच वाट बघत होते. ती धावत आली, मिठी मारली, मग म्हणाली, "ही त्या घशाच्या आठवड्यातली नोटीस का गं? बघ, मीच मूर्ख. एकदा उघडून तरी बघायची." मी काय केलं? तिला म्हटलं, जाऊ दे गं. तिच्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. बंगळूरच्या त्या वसतिगृहात, छान खोलीत, छान टेबलापाशी बसूनही हेच टोचायचं.

पुढे व्हॉइस नोट मी चालूच ठेवल्या. आधीपेक्षा जास्त, सगळ्याच नोटिशींच्या. ते प्रायश्चित्त होतं असं म्हणावंसं वाटतं, पण ती भीती होती.

शेवटच्या वर्षात आफरीनला हडपसरच्या एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली. घरून येता-जाता येत होतं. वडिलांना तेच बरं वाटलं. एम.टेक.चा विषय नंतर निघाला नाही, निदान माझ्यासमोर नाही. ती चांगल्या नोकरीत आहे, टीम लीड आहे, मजेत आहे – ही वाक्यं मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटली आहेत की ती मला पाठ झाली आहेत. पाठ करावी लागावीत अशी वाक्यं खरी असतात का?

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिची धाकटी बहीण नाझनीन आमच्याच विभागात दुसऱ्या वर्षाला होती. "तिला ग्रुपवरचं काही कळत नाही. एकदा येऊन सांग ना, तू आम्हाला सांगायचीस तसं." मी दोनदा काहीतरी कारण काढलं. तिसऱ्यांदा कारण सापडलं नाही.

दुकानावरच्या त्या घरात मी पहिल्यांदाच जात होते. सर्दी झाली होती, खरीखुरी. खाली शिलाई मशीन चालू होतं, वर नाझनीन फोन काढून तयार बसली होती. मी एकेक नोटीस उघडून तिला सांगत होते – हे आपल्यासाठी आहे, हे नाही, इथे दुसरं पान नक्की वाचायचं. आफरीन भिंतीला टेकून ऐकत होती आणि मी तारखेला अडखळले की अजूनही दुरुस्त करत होती. बरं वाटत होतं. मला वाटलं, निघून जाईल ही संध्याकाळ.

मग नाझनीनने विचारलं, "ताई, तुम्हाला ती बंगळूरची कशी मिळाली होती? आपा म्हणते, तेव्हा तिने नोटीस वाचलीच नाही. तिला अजून स्वतःचा राग येतो."

"गप गं," आफरीन म्हणाली. हसत नव्हती.

मला खोकला आला. आतून तिची अम्मी लगेच बाहेर आली. "पुन्हा बसला का घसा? हिचा घसा पहिल्यापासूनच नाजूक. थांब बेटा, ज्येष्ठमध आहे घरात." आणि ती आत जायला वळली. एवढी वर्षं त्या घरात माझी हीच ओळख होती, नाजूक घशाची मुलगी. त्यांनी ती जपून ठेवली होती.

मी उठले. आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जातो की नाही, कुणास ठाऊक. पण म्हटलं, "काकू, काढा नको. तेव्हा माझा घसा बसलाच नव्हता. आफरीन, मी व्हॉइस नोट रेकॉर्ड केली होती. ऐकली, आणि तू जिंकशील म्हणून पुसून टाकली."